खेळण्यांनी न भरणारी पट्टी

‘दि सिम्स’ हा संगणकावरचा खेळ आपल्या घरांतील अनेक मुलींना पाठ आहे. त्यांच्या अम्मींना तो ‘लॅपटॉपवरची भातुकली’ एवढाच माहीत असतो, आणि हे वर्णन फारसे चुकीचेही नाही. अमेरिकेतील मॅक्सिस कंपनीत विल राइट यांनी घडवलेला हा खेळ २००० साली आला. यात शत्रू नाही, गोळीबार नाही. माणसे आहेत, त्यांचे घर आहे, नोकरी, स्वयंपाक, भांडणे आणि मुलेबाळे आहेत. चांगल्या-वाईटाची चर्चा करायला यात पुष्कळ काही आहे, पण आम्ही येथे एकच कोपरा घेत आहोत : दुडूदुडू चालणाऱ्या मुलांची खेळणी. दुकानात खेळणी निवडताना आपण जो विचार करतो, तोच या कोपऱ्यात अगदी उघडपणे मांडलेला दिसतो.

या मालिकेचा चौथा खेळ २०१४ मध्ये आला तेव्हा त्यात हे वयच नव्हते. पाळण्यातले बाळ एकदम शाळकरी होत असे. खेळणाऱ्यांनी एवढी ओरड केली की जानेवारी २०१७ मध्ये कंपनीने लहान मुले विनामूल्य जोडून दिली. या मुलांची कौशल्ये ठरलेली आहेत. हालचाल, बोलणे, कल्पनाशक्ती आणि विचार यांच्या प्रत्येकी पाच पायऱ्या, आणि शी-शूच्या सवयीच्या तीन. मुलाला बाहुलीघराशी बसवले की कल्पनाशक्ती वाढते. गाणे लावून नाचवले की हालचाल वाढते. मूल खेळत असताना त्याच्या डोक्यावर एक पट्टी हळूहळू भरत जाते. ती पूर्ण भरली की एक पायरी वर. सगळ्या पायऱ्या पूर्ण करणाऱ्या मुलाला एक खास गुण मिळतो, आणि त्यामुळे पुढे मोठेपणी ते प्रत्येक गोष्ट इतरांपेक्षा लवकर शिकते.

आता घड्याळ पाहा. खेळातला एक मिनिट म्हणजे आपला एक सेकंद. हे वय साधारण सात दिवसांचे, म्हणजे आपल्या घड्याळाने तीन तासही नाहीत. तेवढ्यात सगळ्या पट्ट्या भरायच्या! म्हणून अनेक मुली मुलाला एका खेळण्यावरून उठवून लगेच दुसऱ्यावर बसवतात. मूल थकले, चिडले, जमिनीवर लोळून रडू लागले, तरी त्यांचा डोळा पट्टीवर.

हे वाचून हसू येते, पण खेळण्यांच्या दुकानाचे तर्कशास्त्र याहून वेगळे कोठे आहे? खोक्यावर लिहिलेले असते, ‘बुद्धीचा विकास’, ‘हात-डोळ्यांचा समन्वय’, ‘भाषा’. एक खेळणे, एक गुण. ज्या घरात खोकी जास्त त्या घरातले मूल हुशार, असा हिशोब नकळत मनात बसतो, आणि ज्या बापाच्या खिशाला ते परवडत नाही, तो ईदीच्या दिवशी दुकानासमोरून मान खाली घालून जातो.

प्रत्यक्षातले दीड वर्षाचे मूल लाकडी ठोकळा हातात घेते तेव्हा काय करते? आधी तो तोंडात घालते. मग फरशीवर आपटून आवाज ऐकते. दादीच्या मांडीवर नेऊन ठेवते आणि लगेच परत मागते. दादी म्हणते, “दे ना बाळा, मला दे,” की ते हसून हात मागे घेते. यात कोणती पट्टी भरली? हालचालीची, भाषेची, विचाराची, की दादीच्या जिव्हाळ्याची? खेळाच्या नियमात या प्रश्नाला जागा नाही. संगणकाला हिशोब हवा असतो, म्हणून त्याने मुलाचे कप्पे केले. त्यात कंपनीचा दोष नाही. मात्र तो हिशोब आपण घरी आणू नये.

तरीही खेळ बनवणाऱ्यांनी एक गोष्ट फार नेमकी हेरली आहे, असे आमचे मत आहे. मोठ्या माणसांना या खेळात भूक, झोप, स्वच्छता यांबरोबर ‘सोबत’ ही गरज असते. लहान मुलांना त्या जागी वेगळी गरज दिली आहे : ‘लक्ष’. ‘मजे’ची पट्टी खेळण्यांनी भरते. ‘लक्षा’ची पट्टी भरायला प्रामुख्याने माणूस लागतो, कोणीतरी उचलून घ्यावे लागते, बोलावे लागते, कुशीत घ्यावे लागते. खेळण्यांनी खोली भरून ठेवली आणि घरातली मोठी माणसे आपापल्या कामात राहिली, तर मूल कुरकुरू लागते. याआधीच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या खेळातही चालणे, बोलणे आणि शी-शूची सवय ही तीन कामे मोठ्यांनीच मुलाजवळ बसून शिकवावी लागत.

अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१८ च्या अखेरीस खेळण्यांविषयी जे मार्गदर्शन प्रसिद्ध केले, त्याचाही रोख हाच आहे. महागडी, बोलकी, दिव्यांची खेळणी गरजेची नाहीत. आई-बाप आणि मूल यांना एकत्र खेळायला लावतील अशी साधी खेळणी उत्तम.

आपल्याला हे नवे वाटू नये. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या घरी आणि मशिदीत लहान मुलांना किती जागा होती, हे हदीसच्या ग्रंथांत नोंदलेले आहे. अबू उमैर नावाच्या एका छोट्या मुलाने एक लहानसा पक्षी पाळला होता. प्रेषित (स.) त्या मुलाची त्याच्या पक्ष्याबद्दल आवर्जून विचारपूस करत. इस्लामी राज्याची एवढी जबाबदारी असलेल्या व्यक्तीने एका मुलाच्या पाखराची चौकशी करायला थांबावे, यावर विद्वानांनी पुढे बरेच लिहिले. नातू सजद्यात पाठीवर चढला तेव्हा तो मनाने उतरेपर्यंत त्यांनी सजदा लांबवला, हेही आपण लहानपणापासून ऐकत आलो. बाहुल्यांविषयी आमच्याकडे नेहमी विचारणा होते. हजरत आयशा (र.) बाहुल्यांशी खेळत आणि प्रेषितांनी (स.) त्यांना अडवले नाही, या हदीसच्या आधारे अनेक उलमांनी मुलांच्या खेळण्यांना सवलत दिली आहे. शंका असणाऱ्यांनी आपल्या विश्वासातील आलिमांना विचारावे.

या खेळात लहान मुलांसाठी एक टॅब्लेटही आहे, आणि त्यावरही पट्ट्या भरतात. येथे मात्र आम्ही खेळाशी सहमत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले आहे की एक वर्षाच्या मुलाला बसून पडदा पाहायला देऊच नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसात एका तासाहून जास्त नको, त्याहून कमी तर अधिक चांगले. जेवण भरवताना मुलाच्या हाती मोबाइल देणाऱ्या घरांची संख्या आपल्या मोहल्ल्यात काही कमी नाही. घास पोटात जातो हे खरे, पण त्या वेळी अम्मीचा चेहरा मुलाला दिसत नाही.

मुलगी हा खेळ मागत असेल तर काही माहिती असू द्या. चौथ्या खेळाचा मूळ भाग ऑक्टोबर २०२२ पासून फुकट आहे, भर घालणारे संच मात्र विकत घ्यावे लागतात आणि ते एकामागून एक येतच असतात. चेंडूंचा हौद, घसरगुंडी अशी लहान मुलांची साधने २०१७ च्या एका वेगळ्या संचात आहेत. युरोपात हा खेळ १२ वर्षांपुढील आणि अमेरिकेत १३ वर्षांपुढील मुलांसाठी मानला जातो. त्यातले प्रेमसंबंध आपल्या घराच्या रीतीत बसणारे नाहीत, म्हणून तो बंद खोलीत नको, बैठकीच्या खोलीत असावा. आणि शेजारी बसलात, तर पडद्यावरचे मूल का रडते आहे ते मुलीला विचारा. कोणती पट्टी लाल झाली ते ती लगेच सांगेल. पाळण्यातला धाकटा भाऊ का रडतो आहे, हा प्रश्नही तेव्हाच विचारता येईल.