कार्यक्रमानंतर बँडला भेटायचंय?

आवडत्या बँडला प्रत्यक्ष ऐकावं आणि जमलं तर वादकांशी दोन शब्द बोलावेत, अशी हौस अनेकांना असते. त्यातले बरेच जण न भेटताच घरी येतात. वादकांनी नकार दिलेला असतो असं नाही. ती संध्याकाळ पडद्यामागे कशी चालते हे आपल्याला ठाऊक नसतं, किंवा समोरासमोर आल्यावर काय बोलायचं ते सुचत नाही. या दोन्ही गोष्टी आधीच्या तयारीने सुटतात. उदाहरणासाठी मी दिल्लीचा इंडियन ओशन हा बँड घेतला आहे. त्यांच्या प्रत्येक गाण्यामागे विचारण्याजोगं काहीतरी असतं, आणि एका गाण्याची नाळ तर आपल्या नर्मदाकाठाशी जुळलेली आहे.

कार्यक्रम कुठला निवडावा

जागा जितकी मोठी, तितका कलाकार लांब. जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्ले नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये वाजवून गेले. तशा कार्यक्रमाला गाण्यांसाठी जावं, भेटीची आशा धरू नये. महालक्ष्मी रेसकोर्सवर २०२३ पासून होणाऱ्या लोलापलूझासारख्या महोत्सवातही एक बँड उतरला की दुसरा चढतो, आणि मनगटावर कुठल्या रंगाचा पट्टा आहे यावर कुठवर जाता येईल ते ठरतं.

भेट हवी असेल तर छोटा क्लब, महाविद्यालयाचा महोत्सव किंवा नाट्यगृह बघा. त्यातही माझा कौल नाट्यगृहाला. नाटक संपल्यावर मागे जाऊन नटांना भेटून यायची आपल्याकडे जुनी रीत आहे. नाट्यगृहातली माणसं तिला सरावलेली असतात आणि प्रेक्षकालाही तिथे परकं वाटत नाही.

काही बँड पैसे घेऊन भेटीचं वेगळं तिकीट विकतात. त्यात सहसा रांग, एक फोटो आणि ‘पुढे चला’ एवढंच हाती येतं. आयुष्यभर ज्यांची गाणी ऐकली त्यांच्याशेजारी क्षणभर उभं राहण्याची किंमत ज्याची त्याने ठरवावी. पण बोलायची आस असेल, तर तेच पैसे वाचवून त्या बँडचे लहान जागांमधले दोन कार्यक्रम ऐकावेत.

जाण्याआधी काय ऐकावं

गाजलेली दोन गाणी पाठ असणं पुरेसं नाही. बँडची वाटचाल माहीत असली की मंचावर काय घडतंय ते दुप्पट कळतं.

इंडियन ओशन १९९० मध्ये सुश्मित सेन आणि असीम चक्रवर्ती यांनी सुरू केला. सुश्मित गिटारवर, असीम तबला वाजवता वाजवता गाणारे. पुढे बास गिटार वाजवणारे राहुल राम आले आणि १९९४ मध्ये ड्रमर अमित किलम. पहिला अल्बम १९९३ चा. दुसरा ‘डेझर्ट रेन’ स्टुडिओतला नाही. पथनाट्यकार सफदर हाश्मींच्या स्मरणार्थ १ जानेवारी १९९७ रोजी दिल्लीत जो कार्यक्रम झाला, तिथलंच ते ध्वनिमुद्रण. त्यांचं वाजवणं उघड्यावर, लोकांसमोर कसं फुलतं हे ऐकायचं असेल तर सुरुवात तिथून करावी.

२००० मध्ये ‘कंदिसा’ आला आणि बँड देशभर पोचला. शीर्षकगीत ही केरळच्या सीरियन ख्रिस्ती परंपरेतली अरामाइक प्रार्थना. त्याच अल्बममधलं ‘माँ रेवा’ नर्मदेचं लोकगीत आहे. राहुल राम यांनी अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात पर्यावरणीय विषशास्त्रात पीएच.डी. केली, आणि परतल्यावर ते नर्मदा बचाव आंदोलनात काम करू लागले. गाणं त्या खोऱ्यातून बँडकडे आलं. अक्कलकुवा तालुक्यातलं मणिबेली हे त्याच काठचं गाव, सरदार सरोवराच्या पाण्याची झळ महाराष्ट्रात सगळ्यात आधी ज्यांना लागली त्यांपैकी एक. हे ठाऊक असलेला नंदुरबारचा माणूस सभागृहात ‘माँ रेवा’ ऐकतो तेव्हा त्याला त्यात आपली माणसं दिसतात. मुंबईकराला तोच अनुभव ‘बंदे’ ऐकताना येतो. ते १९९३ च्या बॉम्बस्फोटांवरच्या ‘ब्लॅक फ्रायडे’ या चित्रपटातलं, पीयूष मिश्रांनी लिहिलेलं.

उभं कुठे राहावं

मंचाला खेटून उभं राहिलं तर चेहरे दिसतात, आवाज मात्र तुकड्यातुकड्यांत ऐकू येतो. समोर बसवलेल्या सबवूफरचा दणका छातीत बसतो आणि गायकाचा आवाज डोक्यावरून निघून जातो. सगळ्यात नीट ऐकू येतं ते मिक्सिंग कन्सोलच्या आसपास, कारण ध्वनिसंयोजक तिथे उभा राहून आवाज जुळवत असतो. वाटल्यास पहिली दोन गाणी पुढे ऐका आणि मग मागे सरका.

कानांची काळजी हा विषय आपल्याकडे कुणी मनावर घेत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेच्या हिशेबाने ८५ डेसिबलचा आवाज जास्तीत जास्त आठ तास सोसावा. त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला उरतात फक्त पंधरा मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमस्थळांसाठी जो मापदंड दिला, त्यात पंधरा मिनिटांची सरासरी १०० डेसिबलवर जाऊ नये असं म्हटलं आहे. खिशात इअरप्लग ठेवा. वादकांसाठी बनवलेले मिळाले तर उत्तम, त्यांनी आवाज कमी होतो पण सुरांचा पोत टिकतो. बरोबर लहान मूल असेल तर कान झाकणारे इअरमफ हवेतच.

दहाचा काटा

उघड्यावरचा कार्यक्रम रात्री दहाला का संपवतात? २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळात उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं, आणि आपल्याकडे त्यातले बरेचसे गणेशोत्सव-नवरात्रात जातात. बंदिस्त सभागृहांना ही अडचण नाही. म्हणून मैदानावरचा कार्यक्रम असेल तर वेळेत पोचा. सुरुवात लांबली की कात्री शेवटच्या गाण्यांना लागते.

शेवटचं गाणं संपल्यावर

दिवे लागले की प्रेक्षक दाराकडे धावतात. तुम्ही थांबा. आता मंचावर जे चालतं ते बघण्यासारखं असतं. ड्रमर झांजांवरच्या चाक्या फिरवून त्या एकेक उतरवतो, फडक्याने पुसतो आणि पिशवीत ठेवतो. एखादा मदतनीस केबलचा वेढा एकदा सुलटा, एकदा उलटा घालत ती गुंडाळत जातो, म्हणजे पुढच्या वेळी फेकली तरी पीळ पडत नाही. गिटारवाला वाकून पायाखालच्या पेडल्सच्या वायरी काढतो. मॉनिटरशेजारी चिकटपट्टीने लावलेला गाण्यांच्या क्रमाचा कागद तसाच पडलेला असतो, त्यावर आयत्या वेळी खोडलेलं एखादं गाणंही असतं. नम्रपणे मागितला तर तो कागद बहुधा मिळतो. सहीपेक्षा मला तोच जास्त मोलाचा वाटतो, कारण तो त्याच संध्याकाळचा असतो.

ही सगळी आवराआवर म्हणजे काम आहे. घामाने शर्ट भिजलेला, दुपारच्या साउंडचेकपासून पोटात धड काही नाही, अशा माणसाला हातात वायर असताना हाक मारू नये. वीस मिनिटं ते अर्धा तास जाऊ द्यावा.

भेट कुठे होते

क्लबमध्ये बँडच्या टी-शर्टचं टेबल असेल तर वादक बरेचदा तिथेच येतात. नाट्यगृहात ग्रीनरूमच्या दाराशी किंवा मागच्या बाजूला, जिथे सामानाची गाडी लागते तिथे. महाविद्यालयात आयोजक विद्यार्थ्यांना आधी सांगून ठेवलं तर तेच आत घेऊन जातात. दारावरच्या माणसाशी हुज्जत घालू नये. ‘बँडचे व्यवस्थापक कोण आहेत? त्यांना विचारून पाहता का?’ एवढं विचारलं की तोही मदतीला येतो. हॉटेलवर गाठणं किंवा गाडीच्या मागे जाणं मात्र साफ गैर. तिथे तो कलाकार नसतो, थकलेला प्रवासी असतो.

काय बोलावं

सगळ्यांत जास्त चुकतं ते इथे. ‘मी तुमचा फार मोठा चाहता’ यावर समोरचा ‘धन्यवाद’ यापलीकडे काय बोलणार? त्याऐवजी आज ऐकलेल्या एका जागेबद्दल बोला. ‘कंदिसा’त आज सुरुवात नेहमीपेक्षा लांबवलीत, ते आधी ठरलं होतं का? ‘माँ रेवा’ तुम्ही पहिल्यांदा कुठल्या गावात ऐकलंत? अमित किलम यांच्या हातातला गबगुबी बंगालच्या बाउलांचा, मग तो ड्रमच्या गजरात माइकवर कसा घेता? असा प्रश्न आला की वादकाचा चेहरा बदलतो, तो हातवारे करून सांगायला लागतो. मुख्य गायकाभोवती गराडा असेल तर तालवाद्यवाल्याकडे किंवा कन्सोलवरच्या ध्वनिसंयोजकाकडे जावं. त्यांच्यापाशी गर्दी कमी आणि सांगण्यासारखं पुष्कळ असतं.

एक गोष्ट कटाक्षाने टाळावी. असीम चक्रवर्ती २५ डिसेंबर २००९ रोजी गेले. सुश्मित सेन २०१३ मध्ये बाहेर पडले. आज हिमांशू जोशी गातात, तुहीन चक्रवर्ती तबल्यावर आणि निखिल राव गिटारवर असतात. त्यांना ‘जुना बँडच खरा होता’ असं तोंडावर ऐकवणारे रसिक असतात, आणि ते क्रूर आहे. असीमदांची आठवण जरूर काढावी, पण समोर जो दोन तास गायला त्याच्याशी तुलना न करता.

सही आणि फोटो

फोटो आधी नको. बोलणं झाल्यावर विचारा, कॅमेरा आधीच उघडून ठेवा आणि फ्लॅश बंद ठेवा. सहीसाठी सीडीचं वेष्टन किंवा तिकीट न्या आणि पेन स्वतःचं न्या. चकचकीत वेष्टनावर साधं पेन उमटत नाही, मार्कर लागतो. मागे रांग असेल तर दोन मिनिटांत बाजूला व्हा. पाया पडावंसं वाटलं तर पडा, पण बँडवाल्यांना त्याची सवय नसते, ते संकोचतात. हात जोडलेले त्यांना जास्त रुचतात.

भेट झालीच नाही तर

कधी बँडला रात्रीचंच विमान असतं, कधी कुणाची तब्येत बरी नसते. अशा वेळी चार ओळी लिहून ती चिठ्ठी व्यवस्थापकाकडे द्यावी. कुठलं गाणं, कुठली जागा, का आवडली, तेवढं पुरे. अल्बम किंवा टी-शर्ट थेट बँडच्या टेबलावरून घ्यावा, कारण तो पैसा बहुतांशी त्यांच्याच हाती जातो. पुढच्या वेळी त्याच शहरात ते आले की पुन्हा तिकीट काढावं, आणि या खेपेला घरी परतायची शेवटची लोकल किंवा एसटी किती वाजता आहे हे आधीच पाहून ठेवावं, म्हणजे कार्यक्रमानंतर अर्धा तास निवांत थांबता येईल.