नगर आणि नागरिक : लेखांक सातवा
डोक्यावरचा रस्ता

मागील लेखांकात अतिक्रमणाचा विचार करताना आपण जमिनीपुरतेच बोललो. परंतु रस्ता जमिनीपाशी संपत नाही, त्याच्या माथ्यावरचा अवकाशही सार्वजनिकच असतो, आणि दुकानाच्या पाटीची उठाठेव सरकारने का करावी, या प्रश्नाचे उत्तर मला तरी तेथेच सापडते.

मूल गावच्या गांधी चौकासारख्या ठिकाणी सायंकाळी उभे राहून पाहावे. एकाने आपली पाटी भिंतीपासून हातभर पुढे काढली की, आपली झाकली गेली म्हणून शेजारचा दोन हात पुढे येतो, तिसरा माडीवर लोखंडी चौकट चढवतो, आणि अखेरीस गडचिरोलीकडे निघालेल्या वाटसरूला धानाच्या बियाण्याचे दुकान कोणते, हे पानठेल्यावर विचारूनच घ्यावे लागते. यात कोणाचीही दुष्टबुद्धी नसते. गिऱ्हाईक प्रत्येकाला हवे असते, आणि सर्वांना सारखी मर्यादा घालून देणारा त्रयस्थ नसेल, तर एकट्याने संयम पाळणारा दुकानदार नुकसानीतच जातो.

याहून गंभीर बाजू वाऱ्याची आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो, आणि फलक म्हणजे तर एका जागी जखडलेले शीडच. 13 मे 2024 रोजी मुंबईत घाटकोपरच्या छेडानगरात पेट्रोलपंपावर जो फलक कोसळला, त्याने 17 माणसांचे प्राण घेतले. महापालिकेची कमाल मर्यादा 40 फूट लांबी व 40 फूट उंची अशी असताना तो दोन्ही बाजूंनी 120 फुटांचा होता. बाजू तिप्पट केली की क्षेत्रफळ, आणि म्हणून वाऱ्याचा एकूण रेटा, नऊपट होतो. शिवाय तो रेटा तिप्पट उंचीवरून ओढत असल्यामुळे पायाशी येणारा उलथवण्याचा जोर सत्तावीसपट होतो. मोजमापाची अट ही कारकुनी हौस नव्हे, ती का असते हे या त्रैराशिकावरून कळावे.

मुंबई महानगरपालिका अधिनियम, 1888 याच्या कलम 328 मध्ये ‘आकाशचिन्ह’ असा एक सुंदर शब्द आहे. खांब किंवा चौकट यांच्या आधाराने उभारलेले, आणि रस्त्यावरील कोणत्याही जागेवरून पाहता आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसणारे अक्षर वा आकृती म्हणजे आकाशचिन्ह. जाहिरातीचा फुगासुद्धा त्यातून सुटत नाही. ही व्याख्या करणाऱ्याने दुकानाच्या दारातून नव्हे, तर रस्त्यावरच्या माणसाच्या डोळ्यांनी वर पाहिले, याचे मला मोठे अप्रूप वाटते. फलक मालकाचा, पण त्यामागचे आभाळ सर्वांचे, म्हणून परवाना.

मूलसारख्या नगरपरिषदेच्या गावी हा विषय अजून लहान वाटतो. पण वैशाखातल्या एका दुपारी बाजारात असताना मी अवकाळी वादळात सापडलो होतो. धुळीचा लोट आला, एका माडीवरचे फ्लेक्सचे कापड एका कोपऱ्यातून सुटून चाबकासारखे फडाडू लागले, आणि प्रत्येक फटक्यासरशी चौकटीचा लोखंडी पाय कठड्यात हलताना खालून स्पष्ट दिसत होता. तो कठडा एका विटेच्या जाडीचा होता, आणि त्याच्याखालच्या पायरीवर पावसापासून आडोसा म्हणून चार शाळकरी मुले सायकली टेकवून उभी होती.