लिंक कुणाला माहीत नाही, म्हणजे फाइल सुरक्षित आहे का?

मे 2019 मध्ये अमेरिकेतल्या ‘फर्स्ट अमेरिकन’ या कंपनीच्या वेबसाइटवर एक प्रकार उघडकीस आला. ही कंपनी मालमत्तेच्या मालकी हक्काचा विमा देते. ग्राहकाला मिळालेल्या लिंकमधला क्रमांक एकाने पुढे-मागे केला, की दुसऱ्याच कुणाची कागदपत्रं उघडायची. ना लॉगिन, ना पासवर्ड. बँक खात्यांचे तपशील, सोशल सिक्युरिटी क्रमांक, कराच्या नोंदी, सगळं त्यात होतं. पत्रकार ब्रायन क्रेब्ज यांच्या वृत्तानुसार अशा नोंदी सुमारे 88.5 कोटी होत्या.

हे होतं कसं? एनजिनएक्स किंवा अपाचेसारखा वेब सर्व्हर फाइल झटपट पोहोचवतो, पण मागणारा कोण, याच्याशी त्याला सहसा देणंघेणं नसतं. फाइल सार्वजनिक फोल्डरमध्ये असेल तर पत्ता माहीत असलेल्या कुणालाही ती मिळते. लॉगिनचं पान तिच्या वाटेत येतच नाही. नाव लांबलचक, अंदाज न येणारं ठेवलं तरी लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर फॉरवर्ड व्हायला कितीसा वेळ लागतो?

म्हणून खासगी फाइल सार्वजनिक फोल्डरबाहेर ठेवतात आणि मागणी आधी बॅकएंडकडे, म्हणजे वेबसाइटमागच्या प्रोग्रामकडे जाते. तो दोन गोष्टी तपासतो: व्यक्तीने लॉगिन केलंय का, आणि हीच फाइल पाहण्याचा हक्क तिला आहे का. घोळ बहुतेकदा दुसऱ्या प्रश्नावर होतो, कारण तो विचारायचाच राहून जातो.

मोठी फाइल बॅकएंडनेच पाठवली तर तो त्यातच अडकून पडतो. त्यावर एनजिनएक्समध्ये सोय आहे. बॅकएंड उत्तरात ‘एक्स-अ‍ॅक्सेल-रिडायरेक्ट’ हा हेडर, म्हणजे सर्व्हरसाठीची सूचना, जोडतो. एनजिनएक्स ती वाचून फाइल स्वतः पाठवतो. तो मार्ग ‘इंटर्नल’ ठरवलेला असेल तर बाहेरून थेट मागणाऱ्याला 404 दिसतं. अपाचेसाठी ‘एक्स-सेंडफाइल’ आहे.

अ‍ॅमेझॉनच्या एस3 सारख्या क्लाउडवर सही केलेली, मुदतीची लिंक देतात. तिची मुदत जास्तीत जास्त 7 दिवस ठेवता येते. पण तोवर ती ज्याच्या हाती पडेल त्याला फाइल उघडता येते. त्यामुळे काही मिनिटांची मुदतच बरी.

तुमच्या वेबसाइटची परीक्षा घेणं सोपं आहे. खासगी फाइलची लिंक कॉपी करून इनकॉग्निटो विंडोत उघडा. मग दुसऱ्या खात्यातून लॉगिन करून पुन्हा उघडा. ही दुसरी चाचणी टाळू नका.