छायाचित्रातील खरखर आणि संगणकाचा अंदाज

अतिवृष्टीनंतरची सायंकाळ. गावातील एका घराची मागील भिंत खचली आहे आणि ग्राम महसूल अधिकारी, म्हणजे पूर्वीचे तलाठी, पंचांसह पंचनाम्यासाठी तेथे पोहोचले आहेत. वीज गेलेली, आभाळ भरून आलेले. मोबाईलवर भिंतीची चार छायाचित्रे घेतली जातात. दुसऱ्या दिवशी ती कार्यालयातील संगणकावर उघडली असता भिंतीवर सर्वत्र रंगीत बारीक कण पसरलेले दिसतात. तडा कोणता आणि सावली कोणती, हे उमगत नाही. अशा वेळी एखादा उत्साही सहकारी तेच छायाचित्र कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढून देतो. थोड्याच वेळात भिंत स्वच्छ व रेखीव, जणू दुपारच्या उन्हात टिपल्यासारखी दिसू लागते. सर्वांना समाधान वाटते.

परंतु हे दुसरे छायाचित्र त्याच भिंतीचे मानावे काय? हा प्रश्न निव्वळ काथ्याकुटाचा नव्हे. भिंतीला गेलेला तडा केवढा होता, घर अंशतः पडले की राहण्यास अयोग्य झाले, यावर एका कुटुंबाला मिळणारी मदत अवलंबून असू शकते. छायाचित्रे स्वच्छ करणारी ही साधने आता साध्या मोबाईलवरही उपलब्ध झाली आहेत. यास्तव ती नेमके काय करतात, हे शासकीय कर्मचारी, शिक्षक आणि पंचायतीचे सदस्य यांनी जाणून घेणे अगत्याचे झाले आहे.

खरखर येते कोठून?

डिजिटल कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी सेन्सर नावाची चकती असते व तीवर लक्षावधी सूक्ष्म प्रकाशग्राही घरे असतात. अंगणात पावसाखाली ओळीने वाट्या मांडून ठेवाव्यात, तशी ही रचना होय. मुसळधार पाऊस झाला तर सर्व वाट्या जवळजवळ सारख्याच भरतात. भुरभुर पावसात मात्र एका वाटीत दहा थेंब पडतात, शेजारच्या वाटीत सात आणि तिसरीत तेरा. वास्तविक पाऊस सर्वत्र सारखाच होता. वाट्यांवरून तसे वाटत नाही, इतकेच.

प्रकाशही कणांच्या रूपाने येतो आणि त्याच्या बाबतीत हा चढउतार कणसंख्येच्या वर्गमूळाइतका असतो. एका घरात सरासरी १०,००० प्रकाशकण पडत असतील, तर फरक सुमारे १०० कणांचा, म्हणजे शेकडा १ होय. अंधारात तेथे १०० कणच पोहोचले, तर फरक १० कणांचा, म्हणजे शेकडा १० होतो. मोबाईलमधील सेन्सर नखाएवढा असल्यामुळे त्याची घरे फार लहान असतात व त्यांत प्रकाश थोडाच साठतो. मग कॅमेरा तो क्षीण संकेत मोठा करतो. ध्वनिक्षेपकाचा आवाज वाढविला म्हणजे वक्त्याच्या आवाजाबरोबर घरघरही वाढते, तसाच हा प्रकार. छायाचित्रकार यास 'नॉइज' म्हणतात. आकाशवाणी लांबच्या केंद्रावर लावली असता कानाला जी खरखर जाणवते, तीच येथे डोळ्याला जाणवते. म्हणून आपण तिला खरखरच म्हणू.

येथे आणखी एक गोष्ट सांगावयास हवी, कारण ती बहुतेकांना ठाऊक नसते. सेन्सरच्या प्रत्येक घराला एकच रंग दिसतो. ईस्टमन कोडॅक कंपनीतील संशोधक ब्राइस बायर यांना १९७६ साली ज्या रचनेचे एकस्व मिळाले, तीत निम्मी घरे हिरव्या रंगाची व प्रत्येकी एक चतुर्थांश घरे तांबड्या व निळ्या रंगाची असतात. आजचे बहुसंख्य कॅमेरे याच तत्त्वावर चालतात. प्रत्येक बिंदूचे उरलेले दोन रंग शेजारच्या घरांवरून गणिताने काढले जातात. याचा अर्थ असा की, अंदाज हा डिजिटल छायाचित्रात पहिल्यापासूनच आहे. पाहावयाचे ते एवढेच की, तो कशाच्या आधारावर केलेला आहे.

जुने उपाय

खरखर काढण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे सरासरी. एखाद्या बिंदूचे मूल्य त्याच्या भोवतालच्या बिंदूंच्या सरासरीने बदलले की कण विरघळतात. मात्र त्याबरोबर तडाही विरघळतो. खरखर कमी करावी तर रेखीवपणा जातो, रेखीवपणा वाढवावा तर खरखर उफाळून येते, हे या विषयातील जुने दुखणे आहे. २००५ साली ब्यूआदेस, कोल व मोरेल या संशोधकांनी एक चतुर मार्ग सुचविला. केवळ शेजारच्या बिंदूंची सरासरी न घेता त्याच छायाचित्रात इतरत्र तशीच दिसणारी ठिकाणे शोधावयाची आणि त्यांची सरासरी घ्यावयाची. विटांच्या भिंतीत एक वीट दुसरीसारखी असतेच. त्यापेक्षाही भरवशाचा मार्ग म्हणजे एकाच दृश्याची लागोपाठ अनेक छायाचित्रे घेऊन ती एकत्र करणे. १६ छायाचित्रे एकत्र केली की खरखर सुमारे एक चतुर्थांशावर येते. येथे नवी माहिती खरोखरच गोळा झालेली असते. अनेक मोबाईल रात्रीच्या छायाचित्रणासाठी हेच करतात. म्हणूनच त्या वेळी हात क्षणभर स्थिर ठेवण्याची सूचना पडद्यावर येते.

पुसट चित्र रेखीव करण्याचे एक उदाहरण अंतराळातील आहे. हबल दुर्बीण एप्रिल १९९० मध्ये अवकाशात गेली आणि तिच्या मुख्य आरशाची घडणच चुकली असल्याचे उघडकीस आले. आरशाच्या कडेपाशी झालेली ही चूक मिलिमीटरच्या सुमारे पाचशेव्या भागाइतकी होती. पण तारे त्यामुळे पसरट दिसू लागले. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी दुरुस्ती करेपर्यंत शास्त्रज्ञांनी गणिताच्या साहाय्याने चित्रे बरीच सुधारून घेतली. त्यासाठी रिचर्डसन यांनी १९७२ साली व ल्यूसी यांनी १९७४ साली मांडलेली पद्धत उपयोगी पडली. आरशाचा दोष नेमका कोणता, हे ठाऊक होते, म्हणून त्याची वजाबाकी करता आली. गणिताने ताऱ्यांविषयी स्वतःची कल्पना चित्रात घातली नाही.

शिकविलेले यंत्र

कृत्रिम बुद्धिमत्तेची रीत यांहून निराळी आहे. येथे संगणकाला सूत्र दिले जात नाही. उदाहरणे दिली जातात. एकाच दृश्याचे एक स्वच्छ व एक खरखरीत अशी लक्षावधी चित्रे त्याच्यापुढे ठेवतात. खरखरीत चित्रावरून स्वच्छ चित्र कसे असेल, याचा तो अंदाज करतो, चुकतो, आपल्या अंतर्गत आकड्यांत किंचित दुरुस्ती करतो व पुन्हा अंदाज करतो. मेंदूतील पेशींच्या जाळ्यावरून नाव पडलेली ही गणिती रचना, न्यूरल नेटवर्क, अशा असंख्य आवृत्त्यांनंतर तरबेज होते. २०१७ च्या सुमारास या पद्धतीने जुन्या पद्धतींना मागे टाकल्याचे संशोधकांनी दाखवून दिले. पुढे डीएक्सओ या फ्रेंच कंपनीने २०२० मध्ये 'डीपप्राइम' आणि अडोबीने एप्रिल २०२३ मध्ये 'लाइटरूम'मधील 'डीनॉइज' ही सोय बाजारात आणली. अमेरिकेतील टोपाझ लॅब्ज ही कंपनी तर याच कामासाठी ओळखली जाते.

फळ थक्क करणारे असते, हे मान्य केले पाहिजे. अजिंठ्याच्या लेण्यांत चित्रांच्या रक्षणासाठी फ्लॅश वापरण्यास मनाई आहे. तेथील मंद प्रकाशात घेतलेले छायाचित्र या सॉफ्टवेअरमधून गेले की भित्तिचित्रांतील रंग पुन्हा उजळ होतात. शाळेच्या स्नेहसंमेलनातील रात्रीच्या नाटकाचे छायाचित्र वार्षिक अंकात छापण्याजोगे होते. या कामी साधनाचा उपयोग अवश्य करावा.

त्याची मर्यादा मात्र कचेरीतील अनुभवावरून चांगली समजते. एखादा जुना दस्त वाळवीने खाल्लेला आहे. आयुष्यभर दस्त वाचलेला कारकून त्यातील गळालेले शब्द सहज सांगतो, कारण ठरावीक वाक्ये त्याला पाठ असतात. पण वाळवीने गट क्रमांकच खाल्ला असेल, तर तो हात जोडतो. सॉफ्टवेअर हात जोडत नाही. ते ठरावीक शब्द भरते तसा गट क्रमांकही भरते, आणि तोही त्याच शाईत, त्याच वळणात. कोणते अक्षर मूळचे व कोणते भरलेले, याची खूण मागे राहत नाही.

जून २०२० मध्ये याचा एक बोलका नमुना जगापुढे आला. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात तयार झालेल्या 'पल्स' नावाच्या प्रणालीला बराक ओबामा यांचे अतिशय पुसट छायाचित्र दिले असता तिने एका गोऱ्या माणसाचा सुस्पष्ट चेहरा काढून दिला. चेहऱ्यावर कोठेही अस्पष्टता नव्हती. तो फक्त ओबामांचा नव्हता. ही प्रणाली संभाव्य चेहरे निर्माण करण्यासाठीच घडविलेली होती, हे तिच्या कर्त्यांचे म्हणणे खरे आहे. खरखर काढणारी नेहमीची साधने इतके धाडस करीत नाहीत. तरीही माहिती जेथे संपते तेथे शिकविलेल्या सवयीवर विसंबावयाचे, हा गुण दोघांत समान आहे.

आकड्यांच्या बाबतीत तर अधिकच सावधगिरी हवी. जर्मनीतील संगणकतज्ज्ञ डेव्हिड क्रिझेल यांना २०१३ साली असे आढळले की, झेरॉक्स कंपनीच्या काही यंत्रांतून काढलेल्या प्रतींमध्ये आकडे बदलत होते. घराच्या एका नकाशात २१.११ चौरस मीटरच्या खोलीवर १४.१३ हा आकडा उमटला होता. त्या यंत्रांत कृत्रिम बुद्धिमत्ता नव्हती. जागा वाचविण्यासाठी सारखे दिसणारे ठसे एकच समजण्याची युक्ती होती आणि कंपनीने पुढे त्यावर दुरुस्ती दिली. ज्या कंपनीच्या नावावरून आपण प्रत्येक छायाप्रतीला 'झेरॉक्स' म्हणतो, तिच्याच यंत्रात हे घडावे, हा योगायोग कार्यालयीन माणसाने लक्षात ठेवण्यासारखा आहे. पुसट आकडा पाहणारा जपून वाचतो; स्वच्छ उमटलेल्या चुकीच्या आकड्याची शंकाही येत नाही.

पुरावा आणि प्रत

न्यायालयांपुढेही हा प्रश्न आला आहे. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात किंग काउंटीच्या न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये एका खुनाच्या खटल्यात कृत्रिम बुद्धिमत्तेने स्पष्ट केलेले चलच्चित्र पुरावा म्हणून स्वीकारण्यास नकार दिला. यंत्र कोणत्या रीतीने निष्कर्षावर येते हे उघड नाही आणि न्यायवैद्यक क्षेत्रातील तज्ज्ञांनी ही पद्धत मान्य केलेली नाही, अशी त्यामागील भूमिका होती. मूळ चित्रण न्यायालयाला उपलब्ध होतेच.

आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ अमलात आला आहे. त्याच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक अभिलेखासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते व त्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात फाईलचे 'हॅश मूल्य' नमूद करावयाचे असते. हॅश मूल्य म्हणजे फाईलमधील सर्व आकड्यांवरून काढलेली अक्षरे व अंक यांची ठरावीक लांबीची ओळ. फाईलमधील एका बिंदूचा रंग बदलला तरी ही ओळ बदलते. तेव्हा स्वच्छ केलेले छायाचित्र कितीही हुबेहूब भासले तरी कायद्याच्या दृष्टीने ती वेगळी फाईल होय.

पंचनामा, अतिक्रमणाची नोंद, बांधकामाची मोजणी, ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीतील पिकाचे छायाचित्र, अशा कामांत मूळ फाईल जशीच्या तशी जपून ठेवणे हेच पहिले काम. समजण्यास सोपे जावे म्हणून स्वच्छ केलेली प्रत जोडावयाची झाल्यास ती वेगळ्या नावाने ठेवावी आणि कोणत्या सॉफ्टवेअरने, कोणत्या तारखेस संस्कार केला हे तिच्याखाली लिहावे. व्हॉट्सॲपवर छायाचित्र नेहमीच्या रीतीने पाठविले तर ते दाबून लहान केले जाते व त्यात नोंदलेली वेळ आणि स्थळ यांची माहिती गळून पडते. तेच 'डॉक्युमेंट' म्हणून पाठविले तर मूळ फाईल पोहोचते. ही साधी गोष्ट ठाऊक नसल्यामुळे चांगले पुरावे वाया जाऊ शकतात.

मोडी कागदपत्रांची छायाचित्रे घेणाऱ्या शिक्षकांनी व अभ्यासकांनीही हे ध्यानात घ्यावे. कागदावरील बारीक ठिपका हा अनुस्वार आहे, शाईचा शिंतोडा आहे की कॅमेऱ्याची खरखर आहे, हे वाचकाने ठरवावयाचे असते. मोडी कधी न पाहिलेले सॉफ्टवेअर तो ठिपका डाग समजून पुसून टाकू शकते आणि नावाचा उच्चार बदलतो.

मुळात खरखरच कमी यावी, यासाठी करण्यासारखे पुष्कळ आहे. पंचनामा शक्य तो दिवसाउजेडी करावा. मोबाईल खांबाला किंवा खुर्चीच्या पाठीला टेकवून धरावा व भिंग स्वच्छ रुमालाने पुसावे. पावसाळ्यात छायाचित्रे भिंगावरील ओलाव्यानेही धूसर होतात. अंधार असेल तर दुसऱ्याने एका बाजूने विजेरी धरावी, म्हणजे तड्याची सावली पडून तो उठून दिसतो. एक छायाचित्र दुरून व दोन-तीन जवळून घ्यावीत. तड्याशेजारी मोजपट्टी धरली, तर त्याची लांबी छायाचित्रातच नोंदली जाते. आणि पट्टीवरील आकडे वाचता येत नसतील, तर पंच तेथून उठण्यापूर्वीच दुसरे छायाचित्र घेता येते.