फिरत्या फळीचा खेळ
(नभोवाणीवरील भाषण)



वैशाखाच्या दिवसांत जळगांवहून धुळ्यास एस.टी.नें जाणें म्हणजे काय, हें खानदेशांतील माणसास निराळें सांगावयास नको. पारा ४४ अंशांच्या आसपास, खिडकींतून येणारा वारा भट्टीच्या तोंडचा, आणि एरंडोल मागें पडलें कीं पारोळा केव्हां येतें याकडे सर्वांचे डोळे. गेल्या उन्हाळ्यांत असाच एक प्रवास मीं माझ्या अकरा वर्षांच्या नातवासमवेत केला. परदेशीं असलेल्या मामानें पाठविलेलें एक चपटें खेळयंत्र त्याच्या हातांत होतें. दोन्ही अंगठे त्यावर अविश्रांत चालले होते. मधूनमधून त्याच्या तोंडून 'अरेरे' निघे, आणि अंगठे पुन्हां चालूं लागत. मीं वांकून पाहिलें. पडद्यावर एक इसम चाकें लावलेल्या फळीवर उभा राहून धांवत होता, उडत होता आणि वारंवार तोंडघशीं पडत होता. "यांत एवढें काय आहे रे?" असें मीं विचारलें. तो म्हणाला, "आबा, तुम्ही बघत नाहीं, नुसतं विचारतां."

हें उत्तर मला लागलें. तें कां लागलें हें पुढें सांगेन. प्रथम, त्या मुलानें मला जें दाखविलें आणि त्यावरून मीं जें जाणून घेतलें, तें आपणांपुढें मांडतों.

या फळीस स्केटबोर्ड म्हणतात. लांकडाचे पातळ थर चिकटवून केलेली, दोन्ही टोकांस किंचित् वर वळलेली फळी. तिच्याखालीं दोन आंस व चार चाकें. एवढाच तिचा संसार. अमेरिकेंत कॅलिफोर्निया प्रांतीं समुद्राच्या लाटांवरून फळीवर उभे राहून घसरत येण्याचा खेळ आहे. लाटा नसतील त्या दिवशीं जमिनीवरच लाट अनुभवावी, या हौसेंतून १९५० नंतरच्या दशकांत ही चाकांची फळी जन्मास आली. प्रारंभीं चाकें टणक असत व लहानशा खड्यानेंही स्वार उलटे. १९७० नंतर पॉलियुरेथेन नांवाच्या चिवट कृत्रिम पदार्थाचीं चाकें निघालीं, तेव्हां या खेळास स्थैर्य आलें.

त्यांतील मूळ युक्तीस 'ऑली' असें नांव आहे. फळी पायांस बांधलेली नसतांही ती स्वाराबरोबर हवेंत कशी जाते, हें कोडें मला प्रथम सुटेना. उत्तर शाळेंतील तरफेच्या धड्यांतच आहे. मागील पायानें फळीचें मागचें टोक जोरानें खालीं हाणलें कीं मागील आंस टेकूचें काम करतो व पुढील टोक वर उचललें जातें. मागचें टोक जमिनीवर आपटून उसळी घेतें. त्याच क्षणीं स्वार उडी मारतो आणि पुढील पाय फळीवरून पुढें घासत नेतो. त्या घर्षणानें फळी वर ओढली जाऊन हवेंत आडवी होते. फ्लॉरिडा प्रांतांतील ॲलन गेलफंड या तरुणानें १९७० च्या दशकाच्या अखेरीस वक्र भिंतीच्या उतारावर ही युक्ति साधली, आणि पुढें रॉडनी मलन यानें ती सपाट जमिनीवर आणली. अर्धा मीटर उंच उडी मारणारा माणूस हवेंत सुमारें ०.६४ सेकंदच असतो; गुरुत्वाकर्षणाच्या सूत्रांत आंकडे घालून कोणाही विद्यार्थ्यास हा हिशेब करतां येईल. एवढ्या अवधींत हें सर्व व्हावयाचें, म्हणजे तें पडल्यावांचून शिकतां येणें नाहीं.

१९९९ सालच्या जून महिन्यांत सॅन फ्रान्सिस्को येथील स्पर्धेंत टोनी हॉक या ३१ वर्षांच्या खेळाडूनें हवेंत ९०० अंशांची, म्हणजे अडीच फेऱ्यांची, गिरकी घेऊन फळीसह खालीं उतरण्याचा पराक्रम प्रथम केला. त्या संध्याकाळीं तो अनेक वेळां पडला होता. त्याच वर्षीं त्याच्या नांवाचा व्हिडिओ गेम घरच्या दूरचित्रवाणीवर खेळण्यासाठीं निघाला, आणि २००१ सालीं त्याचा दुसरा भाग 'गेम बॉय ॲडव्हान्स' या हातांत मावणाऱ्या यंत्रावर आला.

ही दुसरी गोष्ट सोपी नव्हती. त्या यंत्राचा पडदा केवळ २४० बाय १६० ठिपक्यांचा, म्हणजे एकंदर ३८,४०० ठिपक्यांचा. खोली असलेलें सर्व दृश्य क्षणोक्षणीं नव्यानें रेखाटण्याइतकी शक्ति त्याच्या अंगीं नव्हती. तेव्हां कारागिरांनीं एक जुनी युक्ति योजली. चित्रकलेच्या तासास आपण ठोकळ्याचें चित्र तिरक्या कोनांतून काढतों, त्यांत समांतर कडा समांतरच ठेवतों, आणि तरीही ठोकळा घनाकार भासतो. तसेंच त्यांनीं सारें मैदान वरून तिरक्या कोनांतून दाखविलें. माझ्या नातवाच्या यंत्रावर त्याच खेळाच्या पहिल्या दोन भागांची २०२१ सालीं निघालेली नवी आवृत्ति आहे. त्याच्या पडद्यावर १२८० बाय ७२० ठिपके आहेत. गुणाकार केल्यास ते पूर्वीच्या बरोबर २४ पट भरतात. वीस वर्षांत यंत्र एवढें वाढलें. अंगठे मात्र तेच दोन राहिले.

आतां खेळाचा हिशेब पाहा. एका डावास दोन मिनिटें मिळतात. एक कळ दाबून धरून सोडली कीं स्वार उडतो; दुसऱ्या कळांनीं तो फळी फिरवितो, पकडतो किंवा कठड्यावरून घसरत नेतो. प्रत्येक करामतीस गुण आहेत. परंतु करामती न थांबतां एकीस एक जोडीत गेल्यास त्यांच्या बेरजेस करामतींच्या संख्येनें गुणतात. उदाहरणादाखल १००, २०० व ३०० गुणांच्या तीन करामती जोडल्या, तर बेरीज ६००, आणि तिला तिनानें गुणून १,८००. मात्र शेवटीं तोल गेला, तर हातीं शून्य! म्हणून प्रत्येक क्षणीं मुलापुढें एकच प्रश्न असतो: एवढ्यावर समाधान मानून उतरावें, कीं आणखी एक जोडावी? हातचें सोडून पळत्याच्या पाठीं लागण्याचें फळ काय, हें मीं वर्गांत अनेक वर्षें सांगितलें; हा खेळ तें दर दोन मिनिटांनीं दाखवितो.

परंतु या यंत्रांत मला अधिक मोलाची वाटली ती दुसरीच गोष्ट. येथें पडण्यास किंमत पडत नाहीं. पडलेला इसम लगेच उठतो. त्यास कोणी हंसत नाहीं, रागावत नाहीं, कालची चूक आज काढून दाखवीत नाहीं. म्हणूनच मुलगा तीच उडी शंभर वेळां मारतो, आणि प्रत्येक वेळीं थोडी निराळी मारून पाहतो. आमच्या वर्गांत चुकणें महाग होतें. उत्तर चुकलें कीं वर्ग हंसे. म्हणून पुष्कळ मुलें हातच वर करीत नसत.

नातवाचें उत्तर मला लागलें तें याच ठिकाणीं. पंचवीसएक वर्षांपूर्वीं 'ब्रिक गेम' नांवाचें एक स्वस्त यंत्र गांवोगांवच्या बाजारांत मिळत असे. पडद्यावर वरून विटा पडत आणि त्या रचावयाच्या असत. माझ्या वर्गांतील एका मुलाजवळ तें सांपडलें. मीं तें काढून घेतलें, 'हें निकामी खेळणें' म्हणून सर्वांसमक्ष त्याची थट्टा केली आणि कपाटांत कुलुपबंद करून ठेवलें. वर्षअखेर परत देतांना पाहतों, तों आंतील सेल पाझरून यंत्र बंद पडलें होतें. मुलगा कांहीं बोलला नाहीं. त्यानें तें खिशांत घातलें आणि तो निघून गेला. वर्गांत खेळणें अयोग्य होतें व तें काढून घेणें हें माझें काम होतें, असें मी आजही म्हणेन. पण तें काय आहे हें एकदांही न पाहतां मीं त्यास निकामी म्हटलें, आणि तें निकामी झालें तें माझ्या कपाटांत.

असो. यावरून मी या खेळाचा भाट झालों, असें कृपया समजूं नये. पडद्यावरचा इसम त्या ०.६४ सेकंदांचें बंधन पाळीत नाहीं. तो हवेंत निवांत गिरक्या घेत राहतो. तोल त्याचा सांवरतो, खेळणाऱ्याचा नव्हे. अंगठ्यांस चपळाई येते. पण घोटा, गुडघा व कंबर यांस त्यांतून कांहींच मिळत नाहीं. तें आमच्या विटीदांडूंत आणि सूरपारंब्यांत मिळत असे. खऱ्या फळीवरही आपल्याकडचीं मुलें आतां मागें नाहींत. टोकियोच्या ऑलिंपिकमध्यें २०२१ सालीं या खेळास प्रथम स्थान मिळालें, आणि २०२२ सालीं गुजरातेंत झालेल्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धेंत पुण्याच्या श्रद्धा गायकवाड हिनें महाराष्ट्रास त्यांत सुवर्णपदक मिळवून दिलें.

म्हणून पालकांस माझें सांगणें एवढेंच आहे. खानदेशच्या उन्हाळ्यांत दुपारीं बारा ते पांच मूल घराबाहेर काढतां येत नाहीं. त्या वेळांतील अर्धा तास त्यास हा खेळ खुशाल खेळूं द्यावा. मात्र त्यांतील पांच मिनिटें आपण शेजारीं बसून पाहावें, आणि ऊन उतरल्यावर त्यास मैदानावर न्यावें. तेथें तें पडलें तर धांवून उचलूं नये, आणि हंसूं तर मुळींच नये.

पारोळ्यापुढें नातवानें तें यंत्र माझ्या हातीं दिलें. धुळें येईपर्यंत मी किती वेळां पडलों, त्याची मोजदाद ठेवली नाहीं. दर वेळीं तो एवढेंच म्हणे, "आबा, परत." स्थानकांत गाडी शिरतां शिरतां एक साधी उडी माझ्याकडून नीट उतरली, आणि दोघेही आपल्या पिशव्या विसरून खालीं उतरूं लागलों.