खाऱ्या हवेतलं पिस्तूल

भाईंदर पश्चिमेहून उत्तनची बस पकडली की मुर्धा, राई, मोर्वा ही गावं एकामागून एक लागतात. टॉवरांची गर्दी मागे पडते आणि खाडी, मिठागरं, खारफुटी दिसू लागते. इथल्या खिडक्यांचे गज, सायकलच्या चेन, कोयते यांचं काय होतं ते गावकऱ्यांना सांगायला नको. अशाच एखाद्या घरात, लोखंडी कपाटाच्या वरच्या कप्प्यात, महायुद्धावरून परतलेल्या आजोबांचं पिस्तूल असलं तर? शक्यता कमी, पण अगदीच नाही असं नाही. दुसऱ्या महायुद्धात हिंदी सैन्यात सुमारे २५ लाख माणसं होती आणि मराठा पलटणी एरिट्रियातल्या केरेनपासून इटलीपर्यंत लढल्या. जवानाच्या हाती रायफल असायची. पिस्तूल मुख्यतः अधिकाऱ्याच्या कमरेला. घरात सगळ्यालाच पिस्तूल म्हणत असले तरी बहुतेकदा ते वेब्ली किंवा एनफिल्डचं ०.३८ बोअरचं रिव्हॉल्व्हर असतं.

आधी कायद्याचं उरकून घेऊ. परवाना माणसाच्या नावाचा असतो, तो शस्त्राबरोबर वारशात येत नाही. परवानाधारक गेला की १९५९च्या शस्त्र कायद्याच्या कलम २१ प्रमाणे शस्त्र विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावं लागतं. मग २०१६च्या शस्त्र नियमांखाली वारसाला स्वतःच्या नावाने अर्ज करता येतो. ०.३८ आणि ९ मिमी ही मापं ‘प्रतिबंधित बोअर’मध्ये मोडतात, त्यामुळे असा अर्ज केंद्रीय गृह मंत्रालयापर्यंत जातो. मुर्ध्याच्या माणसाला सुरुवात मात्र २०२० साली झालेल्या मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयापासूनच करावी लागेल. ‘चालत नाही हो, नुसती आठवण आहे’ हा बचाव टिकत नाही. कायद्यात सूट आहे ती दुरुस्त करूनही वापरता येणार नाही अशा कालबाह्य शस्त्राला, आणि ते तसं आहे हे आपण ठरवायचं नसतं.

आता मिठाकडे वळू. शुद्ध सोडियम क्लोराइड हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की हवेतलं पाणी ओढून विरघळू लागतं. समुद्राच्या पाण्यातून आलेल्या मिठात मात्र मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि त्याला ३३ टक्के आर्द्रता पुरते. खड्याच्या मिठाची बरणी पावसाळ्यात पाझरते ती मुख्यतः त्याच्यामुळे. कोकणपट्टीची हवा ३३ टक्क्यांच्या खाली फार वेळ राहत नाही. म्हणजे वाऱ्याबरोबर येऊन पोलादावर बसलेला क्षाराचा कण वर्षातला बहुतेक काळ ओलाच असतो. डोळ्यांना न दिसणाऱ्या त्या ओलाव्यात लोखंड एका जागी इलेक्ट्रॉन सोडतं, शेजारच्या जागी ऑक्सिजन ते उचलतो, आणि गंज सुरू होतो.

क्लोराइडचा खरा कावा पुढे आहे. तो खळग्यात शिरतो, तिथे विरघळलेल्या लोखंडाची पाण्याशी क्रिया होऊन आम्ल तयार होतं आणि खळगा आणखी खोल जातो. एवढं करून क्लोराइड संपत नाही. पुढच्या लोखंडासाठी तो पुन्हा मोकळाच. ब्रिस्टलला इंजिनिअर ब्रुनेलची ‘एसएस ग्रेट ब्रिटन’ ही १८४३ साली पाण्यात उतरलेली लोखंडी बोट जतन केली आहे. तिच्या पत्र्यात मुरलेलं मीठ पुरतं काढणं अशक्य होतं, म्हणून तळाभोवतीची हवा यंत्रांनी २० टक्के आर्द्रतेपर्यंत कोरडी ठेवावी लागते. आपल्या पिस्तुलाला इतका सोहळा नको, कारण ते त्या बोटीसारखं समुद्रतळाशी पडलेलं नव्हतं. पण धडा तोच आहे: मीठ न काढता वरून तेल चोपडलं तर मीठ तेलाखाली सुखाने राहतं. घामातही मीठ असतं. पाहुण्यांना दाखवायला उघड्या हाताने उचललेल्या पिस्तुलावर काही आठवड्यांनी बोटांचे ठसे गंजाच्या रूपात उमटलेले दिसतात.

पिस्तुलाचा निळसर काळा रंग हा रंग नसतोच. तो मॅग्नेटाइट या लोखंडाच्या ऑक्साइडचा मुद्दाम तयार केलेला थर असतो. जुन्या पद्धतीत पोलादावर हलका गंज चढू द्यायचे, मग उकळत्या पाण्यात घालून लाल गंजाचा काळा मॅग्नेटाइट करायचे, सुटा भाग ब्रशने झाडायचे, आणि हे पुन्हा पुन्हा करायचे. पुढे क्षारांच्या गरम द्रावणात बुडवायची झटपट रीत आली. थर कसाही केलेला असला तरी जेमतेम एक-दोन मायक्रॉनचा. आपल्याकडे तांब्या-पितळेची भांडी चिंच-लिंबाने लख्ख करायची सवय आहे. पण आम्लाला गंज आणि मॅग्नेटाइट यांतला फरक कळत नाही, ते दोन्ही खातं. पॉलिश पेपरचंही तेच. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी कुणीतरी हौसेने घासून ‘चांदीसारखं’ केलेलं पिस्तूल संग्राहकाच्या लेखी निम्मं मेलेलं असतं. पूजा जरूर करावी, पण ओलं हळदकुंकू आणि फुलं पाटाला वाहावीत.

युद्धकाळातल्या शस्त्रांबाबत तर खडबडीतपणाच अस्सल असतो. वेब्लीने त्या वर्षांत पॉलिश करण्यात वेळ घालवणं थांबवलं आणि कारागिरीला कुणी नावं ठेवू नयेत म्हणून रिव्हॉल्व्हरवर चक्क ‘वॉर फिनिश’ असा शिक्का मारला. हत्यारांचे ओरखडे तसेच ठेवलेल्या त्या पृष्ठभागात १९४२-४३च्या कारखान्यातली घाई दिसते. ते गुळगुळीत करून काय मिळवायचं?

मोल ठरतं ते पृष्ठभागावरून, आणि त्याहून जास्त क्रमांकावरून. १७ डिसेंबर १९२८ रोजी लाहोरात भगतसिंग आणि आपले खेडचे राजगुरू यांनी ब्रिटिश पोलीस अधिकारी साँडर्सवर गोळ्या झाडल्या. भगतसिंगांचं ०.३२ बोअरचं कोल्ट पिस्तूल पुढे कित्येक वर्षं इंदूरला सीमा सुरक्षा दलाच्या संग्रहात इतर शस्त्रांबरोबर पडून होतं. अंगावर काळ्या रंगाचा थर होता. दहाएक वर्षांपूर्वी तो खरवडल्यावर खालचा क्रमांक वाचता आला, जुन्या नोंदींशी जुळला, आणि एका अनाम पिस्तुलाचं राष्ट्रीय स्मारक झालं. धातू तोच, बोअर तोच. फरक पडला तो क्रमांक आणि कागद यांच्या जुळणीने.

कुणी क्रमांक कानशीने घासून टाकला तरी तो पुरता जात नाही. ठसा मारताना अंकाखालच्या पोलादाचे स्फटिक खोलवर दबलेले असतात. तांब्याच्या क्लोराइडचं आम्लयुक्त द्रावण लावलं की दबलेला भाग शेजारच्या भागापेक्षा वेगळ्या वेगाने झिजतो आणि अंक उगवून येतात. न्यायवैद्यक प्रयोगशाळांची ही जुनी युक्ती आहे. घरच्यांनी ती करून पाहू नये. शस्त्रावरचा क्रमांक खोडणं हाच मुळात गुन्हा आहे.

ब्रिटिश बनावटीच्या शस्त्रावर सरकारी मालकीचा बाण असतो. टोकाला टोक लावलेले दोन बाण दिसले तर ते रीतसर सेवेतून काढून विकलेलं असतं. नुसता एकच बाण असेल तर ते आजोबांकडे कसं आलं हा प्रश्न उरतो, आणि त्याचं उत्तर त्यांच्या सेवापुस्तकात, जुन्या परवान्यात, एखाद्या फोटोत शोधावं लागतं. पैशांचं म्हणाल तर आपल्याकडचे भाव इतिहासावर ठरत नाहीत. परदेशी शस्त्रांची आयात सामान्य नागरिकाला कित्येक वर्षं जवळपास बंद आहे, म्हणून विनाप्रतिबंध बोअरचं जुनं परदेशी पिस्तूल अवाच्या सवा किमतीला जातं. प्रतिबंधित बोअरचं त्याहून दुर्मीळ असलं तरी त्याला गिऱ्हाईक मिळत नाही. माझ्या मते अशा वस्तूचा विमा, लिलाव वगैरे विचार करण्याआधी ती आणि तिचे कागद एकत्र ठेवणं जास्त शहाणपणाचं.

शस्त्र रिकामं असल्याची खात्री जाणकार शस्त्रविक्रेत्याकडूनच करून घ्यावी. परवाना हाती आल्यावर हातमोजे घालून मऊ सुती कापडाने पुसावं, खनिज तेलाचा अगदी पातळ हात फिरवावा. खोबरेल नको, त्यातली आम्लं धातूला लागतात आणि थंडीत ते थिजतं. चामड्याच्या होल्स्टरमध्ये पिस्तूल ठेवणं ही सगळ्यात सर्रास होणारी चूक. चामडं ओल धरतं, कमावतानाचे क्षार आणि आम्लं त्यात असतात, आणि पितळी बटणांवर हिरवी मेणचट बुरशी दिसते ती बुरशी नसून चामड्यातल्या चरबीशी तांब्याची झालेली क्रिया असते. जुन्या मुठी गंधक मिसळलेल्या कडक रबराच्या असतील तर उजेडात त्या तपकिरी पडतात आणि सल्फ्युरिक आम्ल सोडतात. म्हणून अंधार, सिलिका जेल, आणि गंजरोधक वाफ सोडणारा कागद; हा कागद दुसऱ्या महायुद्धातल्या संशोधनातूनच पुढे आला.

पिस्तुलाबरोबर जुन्या काडतुसांची पेटी सापडली तर मात्र कसलंच जतन नको. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसं पावसाळ्यात आपोआप तडकायची. दारूगोळा तबेल्यात ठेवलेला, घोड्यांच्या मुतातून अमोनिया सुटायचा, हवेत दमटपणा, आणि काडतूस ओढून घडवताना पितळात कोंडलेला ताण. तिन्ही एकत्र आले की पितळ चिरायचं. याचा नीट उलगडा १९२१ साली झाला, आणि धातुशास्त्रात या प्रकाराला आजही ऋतूशी जोडलेलं नाव आहे. तडकलेल्या काडतुसातल्या दारूची अवस्था बाहेरून कळत नाही. ती पेटी हलवू नये, उघडू नये. पोलिसांना फोन करावा आणि त्यांना ती जागेवरून नेऊ द्यावी.