वैर शिकविणारा गुरु

घरांतील मुलांस कोणाच्या हातीं सोंपवावें, हा प्रश्न प्रत्येक कुटुंबापुढें केव्हां ना केव्हां उभा राहतोच. गायन असो, पोहणें असो किंवा कराटे असो, शिकविणारा आपल्या विद्येंत निष्णात आहे एवढें पाहून आपण निश्चिंत होतों. ही निश्चिंतता किती घातक ठरूं शकते, याचें ठळक चित्र ‘द कराटे किड’ या अमेरिकन चित्रपटांत पाहावयास मिळतें. त्यांतील वस्ताद जॉन क्रीस याजविषयीं आज चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हा चित्रपट १९८४ सालीं निघाला. दिग्दर्शक जॉन अव्हिल्डसन. क्रीसची भूमिका मार्टिन कोव्ह यांनीं केली. क्रीस हा व्हिएतनामच्या युद्धांतून परतलेला सैनिक. लॉस एंजेलिसच्या परिसरांत त्याची ‘कोब्रा काय’ नांवाची तालीम आहे. पहिला प्रहार आपण करावा, तो जबर करावा, आणि दया म्हणून दाखवूं नये, ही त्रिसूत्री तो मुलांकडून घोकून घेतो.

वस्तुतः ही शिकवण मूळ विद्येच्या अगदीं उलट आहे. कराटेचें माहेर ओकिनावा बेट. तेथून १९२२ मध्यें टोकियोस जाऊन या विद्येचा प्रसार करणारे फुनाकोशी गिचिन यांच्या नियमांत, कराटेंत पहिला वार आपला नसतो, असा स्पष्ट नियम आहे. चित्रपटांतील मियागी हे वृद्ध गृहस्थ त्याच बेटावरचे आणि त्याच वृत्तीचे.

स्पर्धेच्या दिवशीं क्रीसच्या शिकवणीचा खरा रंग दिसतो. मियागींचा शिष्य डॅनियल पुढें जात आहे असें पाहून, त्याला निकामी करण्याची आज्ञा तो बॉबी या विद्यार्थ्यास देतो. आपण त्याला सरळ हरवूं शकूं, असें बॉबी सांगून पाहतो. पण गुरूला विजय नको, इजा हवी असते. बॉबी आज्ञा पाळतो, लागलीच डॅनियलची क्षमा मागतो आणि स्पर्धेंतून बाद होतो. अंतिम सामन्यांत जॉनी हा पट्टशिष्य हरतो. परंतु विजयचिन्ह तो स्वतःच्या हातानें डॅनियलला देतो. दोन्ही मुलें त्या क्षणीं गुरूहून मोठीं ठरतात. १९८६ च्या दुसऱ्या भागाच्या आरंभींच, दुसरा क्रमांक आला म्हणून क्रीस याच जॉनीचा गळा आवळतो! मियागी त्याला सोडवितात. आणि क्रीसवर उगारलेला हात, केवळ त्याच्या नाकाला चिमटा काढून, खालीं घेतात.

शिष्याकडून आपला पराजय व्हावा अशी इच्छा धरणारा गुरु आपल्या परंपरेस ठाऊक आहे. येथें शिष्याचा पराजयही न साहणारा गुरु दिसतो.

मग क्रीस उपजतच दुष्ट होता काय? २०१८ मध्यें सुरू झालेल्या ‘कोब्रा काय’ या मालिकेंत त्याचें तरुणपणही दाखविलें आहे. आईच्या आत्महत्येनें पोळलेला हा मुलगा सैन्यांत जातो, आणि तेथील कॅप्टन त्याला निर्दयतेचें हेंच तत्त्व शिकवितो. त्याच्या दुःखाविषयीं आम्हांस सहानुभूति वाटते. परंतु रणांगणावरचा धडा त्यानें शाळकरी मुलांस दिला, आपली न भरलेली जखम विद्या म्हणून त्यांच्या पदरीं बांधली, हा अपराध उरतोच. २०२५ मध्यें संपलेल्या या मालिकेच्या अखेरीस वृद्ध क्रीस जॉनीची क्षमा मागतो. तोंवर जॉनीच्या आयुष्याचीं कित्येक वर्षें दारू आणि अपयश यांत गेलेलीं असतात.

मुलाला तालमींत घालतांना वस्तादानें किती ढाली जिंकल्या हें पालकांनीं अवश्य विचारावें. पण एखादा मुलगा हरून येतो त्या दिवशीं तो त्याच्याशीं कसा वागतो, हें एकदां स्वतः जाऊन पाहावें.